रुमालाखालची बोटं

घोडेगाव,
शनिवार, ता. १७ जानेवारी २०२६

चि. राजी,

दोन वर्षांत तुला पहिल्यांदाच लिहितो आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढेल हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून पत्र. सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण माझा आशीर्वाद तुला नको असेल, तेव्हा राहू दे.

इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे थंडीनं धरलेत, तरी गोठ्यात जायचं सोडत नाही. कपिली व्याली, कालवड झाली. आईनं तिचं नाव ठेवलेलं नाही, म्हणते राजी आल्यावर ठेवील. आबांची दलाली चालू आहे, पण आता त्यांना गुरांच्या गर्दीत उभं राहवत नाही, म्हणून कालच्या बाजारात बहुतेक सौदे मीच केले. बनुमावशीसाठी आणि तुझ्यासाठी आईनं तिळगुळाचा डबा भरला आहे. गोड बोल असं म्हणायची माझी लायकी नाही. बिभीषणचा टेम्पो उद्या तिसगावला येतोय, त्यात डबा येईल आणि एक मोठं पोतं येईल. पोतं जपून उतरवून घे.

सोमवारी नेवाशाला तारीख आहे, माझी साक्ष आहे. वकील म्हणाले, फिर्यादीत लिहिलंय तेवढंच पाठ करून बोला, म्हणजे हर्षल काही सुटत नाही. माझ्यानंतर, पुढच्या तारखेला तुला बोलावणार आहेत. बनुमावशी फोनवर सांगत होती, कोर्टाचा कागद आल्यापासून तू नीट जेवत नाहीस.

त्यावर येतोच. आधी एक गंमत सांगतो. मी गिटार शिकतो आहे.

हस, खुशाल हस. तुझी गिटार वैरणीच्या खोलीत कडब्याखाली पडून होती. गेल्या श्रावणात मी ती जाळायला बाहेर काढली, तर आई आडवी आली. म्हणाली, "पोरीचं हाय ते. काडी लावनार आसशील तर मला बी त्याच्यात लोट." तिच्यापुढं माझं काही चालत नाही. उलट तिनं मलाच ती दुरुस्त करायला सोनईला पिटाळलं. तिथं आदिनाथ सर म्हणून एक रिटायर झालेले मास्तर आहेत. पेट्या, गिटारी दुरुस्त करतात आणि येईल त्याला शिकवतात. सरांनी मोडलेली मान चिकटवली, नव्या तारा चढवल्या आणि म्हणाले, "दाबून बघा." मी दाबल्या. सर म्हणाले, "जोर लई हाय तुमच्या बोटात." बस, तेवढ्यावर मी फुगलो. माझा स्वभाव तुला सांगायला नको.

माझ्या बरोबरीला दीपा आणि सीमा, सहावीतल्या दोन पोरी. आम्ही तिघं एका सतरंजीवर. कॉर्डपैकी सी जमला, जी जमला, ए मायनर जमला, मी गावभर सांगत सुटलो. मग एफ आला आणि माझी सगळी ऐट उतरली. पहिलं बोट आडवं झोपवून त्या एकट्यानं सहाच्या सहा तारा दाबायच्या आणि बाकीच्या तीन बोटांनी पुढं वेगळंच काम करायचं, हा काय छळ आहे ते तुला माहीत आहे. मी उधळलेल्या बैलाची वेसण धरावी तसं धरलं. तारा नुसत्या खरखरल्या. आणखी दाबलं, बोटाला चीर पडली, तारेवर रक्त आलं, पण आवाज तोच. दीपा रडायची, सीमा बोटं तोंडात घालून बसायची, पण पुन्हा दोघी बोटं तारांवर ठेवायच्या. तीन आठवड्यांनी सीमाचा एफ वाजला, माझा नाहीच. त्या दिवशी माझं टाळकं फिरलं आणि मी गिटार आपटायला डोक्यावर उचलली. सर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "आपटा. परत चिकटवू." पण त्या दोन पोरी उठून भिंतीला चिकटल्या होत्या. त्या माझ्याकडे जशा बघत होत्या ना राजी, तसं बघणं मी आधी एकदा पाहिलेलं आहे. तुझं.

त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. पण मला खिडकीतून काय दिसलं ते तुला माहीत नाही. दोन वर्षांत मी ते कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

बाजाराचा दिवस होता. भर दुपारी मी तुला घ्यायला हर्षलच्या गिटारच्या क्लासवर आलो, हातात काठी तशीच. गिटार तुझ्या मांडीवर, तिच्या मानेवर तपकिरी शाल टाकलेली, तुझा हात शालीखाली आणि त्याचाही हात शालीखाली. दोघंही खाली बघत नव्हतात, बोलत नव्हतात. नुसती शाल हलत होती. मी बाराव्या वर्षापासून आबांच्या शेजारी उभा राहून रुमालाखाली बोटं धरत आलो. आपल्या बाजारात दोन माणसांचे हात कापडाखाली गेले की तोंडं गप्प होतात, बोटं दाबून बोलणं होतं, आणि कापड निघतं तेव्हा जनावराचा धनी बदललेला असतो. वरून नुसता रुमाल हलताना बघून खाली कोणतं बोट दाबलं ते मी सांगतो, त्यासाठी मला बाजारात मान आहे. मी शालीवरून वाचलं. पहिलं बोट आडवं दाबलं, मग तीन, मग पुन्हा पहिलं. मला वाटलं, सौदा झाला. आमच्या घरातली पोरगी, आणि आम्हाला न विचारता! दुसऱ्या कुणाच्या भावाला त्यात काहीच दिसलं नसतं. मला मात्र सगळं कळलं असं वाटलं.

दार लाथेनं उघडलं. पहिली काठी त्याच्या कानावर बसली. तो खुर्चीसकट आडवा झाला, कानातून रक्त आलं ते गळ्यावर, शर्टावर उतरलं. दुसरी पाठीवर. तिसरी मांडीवर. चौथी कुठं बसली ते मी बघितलं नाही. तो ओरडत नव्हता, नुसता "कल्याणदादा, कल्याणदादा" करत होता, त्यानं मला आणखी चेव येत होता. मग त्यानं डावा हात फरशीवर टेकवून उठायचा प्रयत्न केला आणि मी ठरवलं, हाच हात. काठी वर नेली. तू मधे आलीस, त्याच्या हातावर तुझा हात ठेवलास आणि म्हणालीस, "दादा, शिकवत होता रे तो." काठी चुकून तुझ्या हातावर पडली. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मग मी गिटारवर पाय दिला, आणि तुला दंडाला धरून फरफटत गाडीपर्यंत आणलं.

पुढचं डोकं आबांचं, पण सही माझी आहे. हर्षलच्या घरच्यांनी तक्रार करायच्या आत आपणच जाऊन केली. त्यानं तुझ्याशी झोंबाझोंबी केली, तुझं बोट पिरगळून मोडलं, मी सोडवायला गेलो. तुझा हात प्लास्टरमध्ये होता, मागं आबा उभे होते, आणि तू हो म्हणून मान डोलावलीस. तू एकोणीस वर्षांची होतीस, तुला मी दोष देत नाही. हर्षल आत गेला, जामिनावर सुटला तोवर क्लासला कुलूप लागलं होतं. त्याचे वडील भीमराज आपल्या दारात आले होते, तू तेव्हा तिसगावला गेली होतीस. त्यांनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाले, "आबासाहेब, पोराचा एक कान गेला. गानाऱ्याच्या घरातला कान गेला." आबांनी भिंतीवरचा आसूड काढला. मी आतून ऐकत होतो, बाहेर आलो नाही.

आणि आणखी एक, जे घरात कुणी बोलत नाही. हर्षल आपल्या भावकीतला असता तर मी दारात उभा राहून आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग विचारलं असतं. भीमराजचा पोरगा होता म्हणून मी विचारलंच नाही. भीमजयंतीला भीमराज स्टेजवर गातात तेव्हा मी दर वर्षी उभा राहून ऐकतो, टाळ्याही वाजवतो, आणि त्यावर स्वतःला फार चांगला माणूस समजत होतो.

गेल्या महिन्यात सर माझ्या एफला कंटाळले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्या गिटारच्या मानेवर टाकला. म्हणाले, "बगून दाबता म्हनून चुकतंय. बोटाला जागा कळू द्या." आणि पंचाखाली हात घालून त्यांनी माझं पहिलं बोट आडवं दाबलं, मग तीन, मग पुन्हा पहिलं.

मी सरांचं मनगट धरलं. ते कळवळले तरी सोडलं नाही. विचारलं, "तुम्ही सगळ्यांना हे असंच शिकवता?"

"व्हय. हर्षललाबी असंच शिकवलं हुतं. का वो?"

मी मनगट सोडलं. तारांवरचा डावा हात आपोआप ढिला पडला, तो तसाच ठेवून मी उजव्या हातानं तारा छेडल्या आणि सहाच्या सहा वाजल्या. एफ. पोरींनी टाळ्या पिटल्या. मी गिटार सतरंजीवर ठेवून बाहेर पडलो.

सोमवारी मी खरं सांगणार आहे. वकील म्हणाले, फिर्यादीचा आरोपी व्हायची हौस आहे का? आहे. परवा आबांना सांगितलं. त्यांनी तोच आसूड काढला आणि हात दुखेपर्यंत मला मारलं. वर म्हणाले, "कोर्टात तोंड उघडलं तर तुजा मुडदा पाडीन." मी हात वर केला नाही. मी वर केला असता तर आबा उरले नसते, आणि खरं सांगू, क्षणभर तेही मनात येऊन गेलं. पाठीवरचे वळ चिघळलेत. आई त्यात हळद भरते.

वर मी लिहिलंय, काठी चुकून तुझ्या हातावर पडली. ते खोडत नाही, दोन वर्षं मी स्वतःला काय सांगत आलो ते तू वाचावंस. चुकून पडली नाही. तुझा हात मला दिसला होता. तू बोललीस तेही ऐकू आलं होतं. उधळलेल्या बैलासमोर मी काठी हवेत थांबवतो, दर बाजारी थांबवतो, तेव्हाही थांबवता आली असती. मला वाटलं, हिलाही कळू दे. आणि मारली.

पोत्यात तुझी गिटार आहे. तुझ्या डाव्या हाताचं बोट वळत नाही हे मी सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणी मोडलं? तेही सांगितलं. त्यांनी गिटार माझ्या हातातून काढून घेतली. मग एकेक तार सोडली आणि सगळ्या उलट्या क्रमानं लावून दिल्या. आता उजव्या हातानं दाबायच्या आणि डाव्यानं छेडायच्या. सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल, एफ तर तुला रडवेल. नको असेल तर मावशीच्या चुलीत घाल. मी आईला विचारून घेतलंय, या खेपेला ती आडवी येणार नाही.

सोमवारी तू येऊ नकोस. पुढं तुला बोलावलं तर काय झालं तेवढं सांग. मागं कुणीही उभं नसेल. मी त्या दिवशी घरी येतो की नाही ते माहीत नाही. कालवडीचं नाव तेवढं आईला कळव.

शेवटी 'तुझा दादा' असं लिहायला घेतलं होतं. पण मार खाताना हर्षलही मला दादाच म्हणत होता. म्हणून सोमवारी पुकारा झाल्यावर जो म्हणून उभा राहीन, तोच म्हणून सही करतो.

तुझं बोट मोडणारा,
कल्याण