मेहरीनच्या बुटांची धार

प्रिय मेहरीन,

फोनवर तू "मी बरी आहे, अब्बा" एवढंच बोलतेस आणि फोन अम्मीकडे द्यायला सांगतेस, म्हणून हे पत्र. उर्दू मला लिहिता येत नाही आणि मराठी राहुरीच्या शाळेतलं, सातवीपर्यंतचं. चुका दिसल्या तर हस, पण शेवटपर्यंत वाच. इकडे कारखान्याचा हंगाम सुरू झालाय. ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात आणि दुकानापुढे धारेला आलेल्या कोयत्यांचा ढीग लागलाय. अम्मी ठीक आहे, फक्त थंडीने गुडघे दुखतात म्हणते. गुडघ्याचं लिहिलं आणि तुझा गुडघा आठवला बघ.

तू नऊ वर्षांची असताना दर रविवारी तुला एसटीने नगरला न्यायचो, चाकांच्या बुटांवर पळायला. मग तू लेहला बर्फावर हॉकी खेळायला गेलीस, तेव्हा बाजारात लोक विचारायचे, "अलीमभाई, पोरगी बर्फगोळ्याच्या गाडीवर लागली का?" मी चिडायचो. पुढे तुझा भारताच्या जर्सीतला फोटो आला आणि तो मी धारेच्या चाकाच्या वर, भिंतीला लावला. मग विचारणाऱ्यांची तोंडं बंद झाली. त्यात परदेशातल्या क्लबचा निरोप आला. त्यांचा माणूस जानेवारीत लेहला तुझा सामना बघणार, पसंत पडलीस तर पगारावर घेणार. आपल्या घरात खेळून पोट भरणारी तू पहिलीच झाली असतीस.

त्या सामन्याला जायच्या आधी तू आठ दिवस घरी होतीस. एक दिवस मैत्रिणींना भेटायला नगरला गेलीस आणि तुझी बॅग दाराशी पडली होती. मी तुझे बर्फावरचे बूट काढून पाहिले. तळाला जे पोलादी पातं असतं, त्याच्या खाली मधोमध लांब खळगा होता. मला वाटलं, झिजलंय. तीस वर्षं कोयते आणि सुऱ्या घासणाऱ्याला दुसरं काय वाटणार? मी दोन्ही पाती कोयत्यासारखी एका धारेवर आणली. कागद लावला तर नुसता टेकताच चिरत होता. एवढी सुरेख धार मी आजवर कुणाला दिली नव्हती. तुला मैदानावरच कळावं, आनंद व्हावा, म्हणून फडक्यात गुंडाळून परत ठेवले आणि तुला काही बोललो नाही.

लेहच्या सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला तू पडलीस, गुडघा मोडला. क्लबचा माणूस निघून गेला आणि तू कुबड्या घेऊन घरी आलीस. "बर्फ खराब होता, अब्बा," म्हणालीस. मी ते खरं मानलं. नुसतं मानलं नाही, दुकानात येईल त्याला सांगितलं, की धार माझ्या हातची होती, बर्फाने दगा दिला. कडूबाई, ती मुकादमाची बायको, म्हणाली होती, "चाचा, तुमच्या हातची धार आन् पोरगी पडंल व्हय? बर्फच वंगाळ आसंल." मी फुशारून हसलो होतो. पडद्यामागे तू पायाला प्लास्टर घालून पडली होतीस आणि हे सगळं ऐकत होतीस. पुन्हा धार लावून देऊ का, विचारलं, तर "राहू द्या, अब्बा" म्हणून बूट माळ्यावर टाकायला लावलेस. त्याचाही मला राग आला. जेवताना मी म्हणालो, तुझी जिद्दच कमी पडली. तू ताटातली भाकरी संपवलीस आणि उठलीस.

यंदा दिवाळीनंतर अम्मीने मोबाईलवर तुझा व्हिडिओ दाखवला. लेहला तू आता ज्यांना खेळ शिकवतेस, त्या लहान मुलींना तू बूट उलटा धरून दाखवत होतीस, की पात्याला दोन धारा असतात, मधे नाली असते, ती गेली की पाय बर्फावर धरत नाही. एका मुलीने विचारलं, दीदी, तुम्ही कशा पडलात? तू खाली बघून म्हणालीस, बर्फ खराब होता. लहानपणी खोटं बोलताना तू अशीच खाली बघायचीस. मी मोबाईल ठेवला आणि भर हंगामात दुकान बंद केलं. बूट घालण्याआधी तुझं बोट पात्यावरून फिरतंच, मेहरीन. म्हणजे नाली गेल्याचं तुला तिथेच कळलं होतं. दुसऱ्या कुणाचे बूट पायात बसणार नव्हते आणि तो माणूस समोर बसला होता, म्हणून तू तशीच उतरलीस. पुढे तीन वर्षं मला कळू दिलं नाहीस. बेटा, चूक माझी होती. तुझा खेळ माझ्या हाताने गेला. कडूबाई यंदा कोयते घेऊन आली तेव्हा तिलाही सांगितलं. तिने कोयते खाली ठेवले आणि ओट्यावर बसली.

या पत्राबरोबर पार्सल आहे. माळ्यावरचे तेच बूट. नाली कोरता यावी म्हणून चाकाची कड गोल करून घेतली, दोन आठवडे भंगारातल्या पट्ट्यांवर हात बसवला आणि मग ती पाती घेतली. सूतभर कमी झालीत, पण मधे नाली आहे आणि दोन्ही बाजूंना धार आहे. तू शिकवतेस त्या मुलींपैकी कुणाच्या पायात बसले तर तिला दे. पण आधी तू बघ. बूट उलटा धरून पात्यावर रुपया आडवा ठेव. दोन्ही धारा सारख्या असतील तर तो सरळ राहील. तो एका बाजूला कलला, तर माझा हात अजून चुकतोय. तसं असेल तर फोन कर, अम्मीकडे देऊ नकोस, मलाच सांग. या वेळी तरी सांग.

तुझाच,
अब्बा