पाण्यातले देव

वेरिबी, ऑगस्ट २०२०

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

फोनवर मला धाप लागते आणि तू रडतेस, म्हणून लिहितेय. मी बरी आहे. तुझा जावई सलिल वरण-भात छान करायला लागलाय, फक्त मीठ विसरतो. विमानं बंद, तुला इथे परदेशात येता येत नाही, त्याला तू तरी काय करणार? बाबांची शुगर तपासलीस का?

डॉक्टर म्हणाले, पन्नास वर्षांपूर्वी हृदय बदललेली बहुतेक माणसं वर्षभरही जगत नसत. आता कित्येक जण वीस-वीस वर्षं जगतात. यादीत माझं नाव आहे, फक्त हृदय मिळायचंय. लॉकडाऊनमध्ये रस्ते ओस पडलेत, अपघातच कमी झालेत, असं नर्स सहज बोलून गेली. मला वाईट वाटलं, आई. अपघात होत नाहीत याचं वाईट वाटलं!

तू माझ्यासाठी देव पाण्यात ठेवलेस, हे सलिलकडून कळलं. आजच बाहेर काढ, पुसून देव्हाऱ्यात ठेव. ज्याचं हृदय मला मिळेल, तो आज कुठेतरी धडधाकट आहे. त्याची आई त्याला जेवायला हाक मारत असेल.

देवानं तुझं ऐकलं, तर तिचं काय?

तुझी,
कौमुदी