मागे राहू नकोस

२ मार्च

पोचले एकदाची सबांगानला. रात्रभर बसमध्ये शेजारच्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते, हे उजाडल्यावर कळलं. बिचारीने हूं की चूं केलं नाही, उलट उतरताना केळीच्या पानात भाजलेला खाऊ माझ्या हातात कोंबला. मान आखडलीय, पण आतून नुसतं नाचावंसं वाटतंय. नोकरी आहे, खोली आहे, आणि खोलीच्या खिडकीत समुद्र आहे.

खोली मनांग सेलिंगच्या खानावळीच्या वर. इथे वयाने मोठ्या बाईला मनांग म्हणायचं आणि पुरुषाला मनोंग. खानावळ तिची, दारातली पांढरी व्हॅनही तिचीच. रोज सकाळी गाडीत सात-आठ पाहुणे भरायचे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवून दिवसाउजेडी परत आणायचे. आधी दीपगृह, मग पवनचक्क्या, मग पांढरे खडक, शेवटी कमान. मी बोलायचं, मनोंग इस्कोने गाडी चालवायची. हा मनोंग इस्को साठीचा, तोंडात दात कमी आणि टोमणे जास्त. माझे बूट बघून म्हणाला, "मनिलाच्या मॅडम, हे घालायला आणलेत की समुद्राला आहेर करायला?"

खरी बातमी शेवटी लिहितेय, कारण तीच पुन्हा पुन्हा वाचायची आहे. महिनाभर काम नीट झालं तर लेकीला घेऊन ये, खोली दोघींना पुरेल, असं मनांग आपणहून म्हणाली. माझी निंगनिंग सात वर्षांची, दोन वर्षं झाली मनिलात माझ्या आईकडे राहतेय. माझ्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय तिला झोप लागत नाही. आजीचा कान म्हणे कडक आहे. आता थोडेच दिवस, बाळा.

५ मार्च

आज पहिली फेरी. बोलायला मी कुठे कमी पडते? दीपगृहापासून जी सुरू झाले ती कमानीपर्यंत. कमान म्हणजे समुद्रात घुसलेला काळा कडा, मधोमध आरपार भोक. लाट आत शिरली की कुणीतरी दमून उसासा टाकल्यासारखा आवाज येतो.

तिथून निघताना मी "चला, बसा गाडीत" म्हणून मोकळी झाले. इस्को चावी फिरवेना. म्हणाला, हाका मारल्याशिवाय गाडी हलायची नाही. मग आठवलं. आजोळी सहलीहून निघताना आई मला अशीच बोलवायची. देह उठून गाडीत बसतो, पण जिवाला एखादी जागा आवडली की तो तिथेच रेंगाळतो. नाव घेऊन बोलावलं की येतो. मी समुद्राकडे तोंड करून एकेकाचं नाव घेतलं, चल, मागे राहू नकोस. पाहुण्यांना भलतंच आवडलं, सगळ्यांनी फोन काढले. शेवटी इस्कोने माझं नाव घेतलं. गाइडला ड्रायव्हरनेच बोलवायचं, अशी इथली रीत. "जोव्हेलिन, चल, मागे राहू नकोस. कॉफी गार होतेय." इतक्या मायेने मला कित्येक दिवसांत कुणी बोलावलं नव्हतं.

११ मार्च

आता सरावले. हाकांमध्ये जरा नाटकही घालते, लोक खूश होतात.

आज एका जोडप्याबरोबर त्यांची मुलगी होती, पिवळा फ्रॉक, पुढचा दात पडलेला. कमानीपाशी शिंपले वेचत होती. तिला हाक मारली आणि मला माझ्या पोरीची इतकी आठवण आली की काय सांगू. सगळ्यांची नावं संपली आणि तोंडातून निघून गेलं, "निंगनिंग, तूही चल गं. मागे राहू नकोस." बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं.

इस्कोने ऐकलं. खानावळीपाशी गाडी लावून झाल्यावर म्हणाला, "आलेल्यालाच बोलवायचं असतं, पोरी. न आलेल्याला बोलावलंस तर उठून कोण येईल, सांगता येतं का?"

मग मनांगने लसूण सोलता सोलता सांगितलं. फार वर्षांपूर्वी जवळच्याच कुठल्याशा गावातली शाळेची मुलं कमानीपाशी आली होती. एकाएकी वादळ उठलं, सगळे धावत गाडीत शिरले, हाका राहूनच गेल्या. त्यातली एक मुलगी घरी पोचली ती नुसती बसून राहिली. खाईना, बोलेना. महिन्याच्या आत गेली. हाका राहिल्याचं घरच्यांना कळलं नाही आणि इथे कुणाला तिचं नाव ठाऊक नव्हतं, मग बोलावणार कसं? ती अजून तिथेच आहे, असं मनांग म्हणते. मी म्हटलं, रोज इतकी मुलं येतात, इतक्या हाका होतात, तेव्हा नाही उठली ती? "त्या हाकांना धनी होते. तुझ्या हाकेला नव्हता." मी हसले. ती लसूण सोलत राहिली.

१४ मार्च

व्हॅनच्या मागच्या सीटचा खिडकीकडचा कोपरा ओला असतो. तीन दिवस पुसतेय. वाळला की वर पांढरं मीठ राहतं. काच बंद, पाऊस नाही. इस्को आज सकाळी त्या सीटवर केळीच्या पानात भात आणि उकडलेलं अंडं ठेवत होता. मला बघून थांबला नाही.

१९ मार्च

आज मागच्या सीटवर एक आजीबाई बसल्या होत्या. जेवताना म्हणाल्या, तुझी मुलगी फार लाजाळू आहे गं. मी विचारलं, कुठली मुलगी? तर म्हणतात, "अगं, माझ्या शेजारी बसलेली. निंगनिंग. नाव विचारलं तर कशी पटकन सांगितलंन! जसं काही नवीनच मिळालंय."

मी त्यांना नाव सांगितलं नव्हतं. ताट तसंच ठेवून इस्कोला गाठलं.

इस्को म्हणाला, नाव आता तिचं झालं. तू दिलंस, तिने घेतलं. इथे किनाऱ्यावर त्या नावाने कुणाला बोलवू नकोस आणि लेकीला कमानीजवळ आणू नकोस. संध्याकाळी फोन केला तेव्हा येऊ नकोस असं सांगणारच होते. पण निंगनिंगने पिशवी भरूनही ठेवलीय. समुद्र घरातून दिसतो की उठून बघायला जावं लागतं, असं विचारत होती. मला नाही सांगता आलं. येऊ दे तिला. कमानीपाशी नेणार नाही म्हणजे नाही. आई आहे मी तिची, एवढं मला जमेल.

२९ मार्च

आली! किती उंच झालीय! बसमधून उतरली ती "मम्मी" करत थेट गळ्यात. तिला सोडायला आलेल्या माझ्या आईचा पाय निघत नव्हता, पण परतीच्या बसने गेली.

मनांगने भाजी-भात वाढला. इथे प्रत्येक ताटाशी असते ती व्हिनेगरची वाटी नुसती जवळ सरकवली तरी बयेने नाक दाबलं. जन्मापासूनचं वैर आहे तिचं व्हिनेगरशी. इस्कोने तिला चिडवायला घोट घोट पिऊन दाखवलं, तर टेबलाखाली जाऊन लपली. आता माझ्या शेजारी झोपलीय. डाव्या हाताने माझा कान धरलाय, उजव्या हाताने मी लिहितेय. देवा, तुझे उपकार.

२ एप्रिल

आज मनांगला भाचीच्या सासरी जावं लागलं, खानावळ बंद. निंगनिंगला एकटीला कुठे ठेवणार? पुढे इस्कोच्या शेजारी बसवली. कमानीपाशी बजावलं, उतरायचं नाही. इस्को तिच्याजवळच थांबला होता. पण एक पाहुणे खडकावरून घसरले, इस्को त्यांना सावरायला धावला. मी वळून बघते तर निंगनिंग कमानीखाली उभी, पाणी घोट्यापर्यंत, बाजूला बघून बोलतेय.

धावत गेले. कुणाशी बोलत होतीस? मागच्या सीटवरची मुलगी खाली उतरली म्हणून मीही उतरले, म्हणाली.

ओढत गाडीपर्यंत आणली. आता हाका. ते नाव घेतलं असतं तर दुसरीच उठली असती. मग मला सुचलं. बाप्तिस्म्याचं नाव! मी मोठ्याने म्हटलं, "एस्त्रेलिता, चल, मागे राहू नकोस." पुन्हा म्हटलं. पुन्हा. तिने माझा हात धरला आणि मुकाट्याने चढून बसली. जीव भांड्यात पडला. रस्ताभर मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

४ एप्रिल

दोन दिवस काही खाल्लं नाही तिने. बसवलं तिथे बसते. हसत नाही, रडत नाही. झोपताना हात सरळ अंगालगत. मी तिची बोटं माझ्या कानाला लावली तर गळून पडली.

इस्को पायरीवर डोकं धरून बसला होता. म्हणाला, "त्या नावाने तिला कधी कुणी बोलावलंय, पोरी?"

कुणीच नाही. पाद्रीने एकदा, मग शाळेतल्या हजेरीत. घरात पहिल्या दिवसापासून निंगनिंगच.

"मग जिवाला कसं कळणार, मलाच बोलावतायत म्हणून?"

म्हणजे ती तिथेच आहे. माझी मुलगी तिथे पाण्यात उभी आहे आणि मी कुणा एस्त्रेलिताला घरी घेऊन आलेय.

५ एप्रिल

पाणीही पीत नाही. ओठ फुटलेत. त्या दुसरीचं असंच झालं होतं, असंच. मनांग सांगत होती, ते नाव घेऊ नकोस, घरातसुद्धा घेऊ नकोस, धीर धर. पोर डोळ्यांदेखत सुकत असताना कसला धीर? ताट वाढलं आणि रोजच्यासारखं म्हटलं, निंगनिंग, जेवायला ये.

तिने मान वळवली. हसली. धावत आली. मासा खाल्ला, डोकं चोखून खाल्लं, भात पुन्हा मागितला. मी रडतेय, हसतेय, तिच्या पाठीवरून हात फिरवतेय.

मग तिने व्हिनेगरची वाटी उचलली, तोंडाला लावली आणि रिकामी केली. म्हणाली, "नानांग, अजून आहे?"

नानांग. इथल्या मुली आईला म्हणतात तसं.

७ एप्रिल

वाईट नाहीये ती. हेच सहन होत नाही. सारखी माझा स्कर्ट धरून मागे मागे. नावाने हाक मारली की कुठूनही पळत येते. इतकी खूश होते. दोनच दिवसांत गाल भरले.

कान माहीत नाही तिला. हात धरून दाखवला. हसून म्हणाली, हे काय?

व्हॅनची मागची सीट आता कोरडी असते.

८ एप्रिल

कमानीपाशी गेले. तिला गाडीत इस्कोजवळ बसवलं. पाण्यात उतरून हाक मारली, निंगनिंग, चल.

मागून, गाडीतून— "आले, नानांग!"

पुन्हा मारली. पुन्हा तीच धावत आली. काठावर उभी, हात पसरून.

आणि मग लाट ओसरल्यावर कमानीतून रडणं. बारीक. नाकातून रडते ती, हट्ट संपून नुसती दमली की रडते तसं. मम्मी. मी ओळखते. हजार पोरांत ओळखेन.

काय नावाने बोलवू? एक नाव चालत नाही. दुसरं तिच्या जिवाला ठाऊक नाही.

तिला येता येत नाही.

मला राहता येईल.

९ एप्रिल

कमानीपाशीच लिहितेय, खडकावर बसून. पाहुणे गाडीकडे निघालेत.

इस्कोला सांगितलंय. आज सगळ्यांना तुम्हीच बोलवा मनोंग, मला सोडून. तो रडला. म्हणाला, "मग गाडीत परत कोण येईल, पोरी?" म्हटलं, जे येईल ते आणा. देह येईल. असेल तोवर त्या पोरीच्या शेजारी बसेल. तिचंही कुणी नव्हतं. माझ्या आईला सगळं खरं सांगा. नाहीतर नका सांगू. मला कळत नाही.

नावं घेतोय तो. एकेक. आवाज फाटलाय—

संपली. माझ्या नावाशी थांबला. आता—

नाही मारली. शब्द पाळला.

पाय गार पडलेत. लाट आत जातेय—

गाडीचं दार. मी इथे बसलेय आणि तिथे एक बाई चढतेय. निळा शर्ट माझाच. आतली पोरगी सरकून जागा करतेय तिला. हसतेय—

गेली गाडी.

रडणं थांबलं. कुणीतरी पाण्यातून चालत— हळू— निंगनिंग, मी इथे— इकडे बाळा—

मागे कुणीतरी— कानाला गार— दोन बोटांची चिम—