नातू निनवेत आहे

पप्पा,

तुम्हांला जाऊन वीस वर्षं झाली. तुमच्यानंतर जन्मलेला तुमचा नातू सध्या निनवेत आहे. इराकच्या नकाशावर आता मोसुल लिहितात, पण नदीपलीकडे जुन्या तटाचे ढिगारे अजून आहेत म्हणे. तो अमेरिकेच्या सैन्यात आहे. फोनवर म्हणाला, "मम्मी, त्या भिंतीजवळून रोज ड्राइव्ह करतो." तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

निनवे हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला, नगरच्या आपल्या स्वयंपाकघरात. शनिवारची दुपार. उद्याच्या संडे स्कूलसाठी तुम्ही परातीत भिजवलेल्या कणकेचा तट उभा करताय आणि आई ओरडतेय, आता पोळ्या कशाच्या करू? तो तट लाखीशचा, यहूदातल्या एका शहराचा. अश्शूरच्या राजाचं सैन्य त्याच्या राजधानीहून, निनवेहून निघून तिथवर येऊन ठेपलंय. भिंतीवर चढायला त्यांनी दगडमातीचा उतार कसा रचला ते तुम्ही कोरड्या पिठाने दाखवता आणि माझ्या हातात लाटणं देता. "ही भिंत फोडायची गाडी. ढकल." मी ढकलते, कणीक चेपते, मी टाळ्या पिटते. आणि आम्हांला कधी बोट न लावलेले तुम्ही माझ्या हातातून लाटणं हिसकावून घेता. "आत माणसं होती," तुम्ही म्हणालात. "तुझ्याएवढ्या मुलीही होत्या." एवढंच. पण तुमचा चेहरा पाहून मी परातीपासून लांब सरकले होते.

इथे अमेरिकेत, शॉमबर्गला, गेल्या वर्षी, हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून मी घरी आले तर तो डायनिंग टेबलवर सैन्यभरतीचे फॉर्म भरत बसलेला. अठरा पूर्ण झालेली, आमची सही लागत नव्हती. ह्यांनी कॉलेजचा विषय काढून पाहिला. मी तुमचा आधार घेतला. म्हटलं, "अरे, त्या जुन्या इस्राएली सैन्यातसुद्धा लढाईआधी अधिकारी विचारायचे. नवं घर बांधलंयस आणि राहिला नाहीस? लग्न ठरलंय? भीती वाटते? मग घरी जा." त्याने सगळं ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "बट आय ॲम नॉट स्केअर्ड, मम्मी. यू आर." त्यात चेष्टा नव्हती. मी त्याचा जन्मदाखला तांदळाच्या डब्यात लपवला. दोन दिवस तो शोधत होता. मला एकदाही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी काउंटी ऑफिसातून नवा काढून आणला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "इट्स ओके."

इथे सैन्यातलं कुणी गेलं तर ती बातमी फोनवर येत नाही. गणवेशातले दोघं दाराशी येतात. शेजारच्या गोऱ्या बाईची मुलगीही तिकडेच आहे. रोज कुत्र्याला फिरवताना ती माझ्या दाराशी थांबते. "एनी न्यूज?" मी नाही म्हणून मान हलवते, तीही हलवते. तेवढ्याने दोघींचा दिवस निघतो. गुरुवारी दुपारी वरच्या खिडकीतून पाहिलं, तर तिच्या आणि आमच्या घराच्या मधोमध गाडी थांबलेली आणि गडद कोटातली दोन माणसं उतरत होती. मी बाथरूममध्ये शिरून कडी लावली आणि नळ सोडला. बेल आमचीच वाजली. दोनदा. कितीतरी वेळाने बाहेर आले तर दारात खिडक्या बदलून देणाऱ्या कंपनीचं पत्रक खोचलेलं होतं.

ह्यांना सांगितलं, मी आंघोळ करत होते. हे पत्र कुठे पाठवणार? म्हणूनच तुम्हांला खरं लिहिता येतंय. बेल वाजायच्या आधी, नळाखाली हात धरून उभी असताना, मी मुलासाठी प्रार्थना करत नव्हते, पप्पा. मी म्हणत होते, देवा, त्यांना तिच्याकडे जाऊ दे.