माळ्यावरची तयारी

सोमवार, १६ जून. सकाळी ६.४०

माळ्यावर बसून लिहितोय. पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन चढवून झाले होते. तिसरा शिडीवर असताना खालून दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "तो कुठे निघाला?"
मी म्हटलं, पूर आला तर प्यायला.
"पुरात पाण्याची काय कमी?"
आई हसली. बहीण निकितापण हसली. मी कॅन वर ओढून घेतला.

हसा. गेल्या वर्षी नदी घरात आली तेव्हा आख्ख्या गल्लीत आमच्याच घरचं कोणी भिजलं नव्हतं. भोंगा वाजल्यावर वीस मिनिटांत मी तिघांना बाहेर काढलं, स्वतःच्या हाताने कुलूप लावलं आणि शाळेत नेऊन बसवलं. दादांचा डावा पाय शुगरमुळे सुजलेला, तरी नेलं. पाणी नंतर आलं. भिंतीवर पाच फुटांवर त्याची रेघ आहे. दादा ती पुसू देत नाहीत.

माळा सात फुटांवर आहे. म्हणजे दोन फूट हातात. आजपर्यंत वर: कॅन तीन, भाजलेले चणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, क्लोरीनच्या गोळ्या, मीठ-साखरेची पाकिटं, बॅटरी एक, सेल आठ, मेणबत्त्या दोन डझन, शिट्टी. कागदपत्रं दोन पिशव्यांत घालून तोंड मेणबत्तीने चिकटवलंय.

मंगळवार, १७ जून

लाडू मोजले. दोन कमी. निकिता म्हणते उंदीर. उंदीर झाकण परत लावतो का?

रविवार, २२ जून

डोकं फिरलंय. दुपारी दुकानातून आलो तर माळ्यावर मेणबत्त्या पाच! समोरच्या अख्तरबानू चाचीकडे काल लाईट गेले होते, आईने दिल्या. बॅटरीपण दिली. वर म्हणते, "त्यांनी मागितल्या नाहीत रे, मीच दिल्या. समोर अंधार आणि आपण वर मेणबत्त्या रचून बसायचं?"

हो, बसायचं! त्यासाठीच आणल्यात!

बॅटरी आणायला गेलो. चाची म्हणाली, "ये बेटा. सेल उतरलेत बघ तिचे. काल मेहबूबने त्यावर गाडी दुरुस्त केली." मेहबूब तिचा मुलगा. जिन्यात बसून दात कोरत होता. म्हणाला, "राकेशभाई, पूर आला की आमच्या स्लॅबवर या. चहा पाजतो." त्यांच्या घराला वर स्लॅब आहे, आमच्यावर पत्रा. त्याला चेष्टा सुचते.

सेल नवीन आणले. मेणबत्त्या आता पोत्यात, पोतं दोरीने आवळलेलं. माझी गाठ आईला सुटत नाही.

शनिवार, २८ जून

मी कसबा पेठेत दोरखंडाच्या दुकानात आहे, सहा वर्षं. दोरी मोजायची, कापायची, टोक जाळून बंद करायचं. दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं, पुन्हा बसलो नाही. पण दोरी मला कळते. बारा मिलीची नायलॉन तीस मीटर आज बाजूला काढली. मालक श्यामसुंदर शेठ चष्म्यावरून बघत होते.
"कोणाची ऑर्डर?"
"माझी."
"मागच्या आठवड्यात वीस मीटर नेलीस. जनावर बांधलंय का घरी?"
"पुरासाठी."
"अच्छा. म्हणजे नदी बांधणार."
बाकीचे दोघं फिदीफिदी हसले. मी टोक जाळलं. थोडं जास्तच जळलं.

गुरुवार, ३ जुलै

प्रथमोपचाराचा फुकट वर्ग होता, तीन दिवस. आज संपला. छाती दाबायची ती मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा. जखमेवर हळद नाही, आधी दाब. घरी उशीवर करून दाखवलं. दादा म्हणाले, "उशी वाचली का?"

माणूस पाठीवर बांधून न्यायचं दोरीचं आसन मात्र मी स्वतः तयार केलं. निकिताला उचलून गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. ती अठ्ठेचाळीस किलो, दादा एकसष्ट. जमेल.

पोहणं जमलं नाही. चार रविवार तलावावर गेलो. पाय जमिनीवरून सुटले की छातीत कळ येते आणि मी कठडा धरतो. शिकवणारा म्हणाला, "तुम्ही पाण्याशी भांडता." बरोबर आहे. भांडतोच.

रविवार, ६ जुलै

आज घरात महाभारत.

दारालगत फ्रीज आहे. दोन वर्षांपासून बंद. त्याच्यामुळे दार अर्धंच उघडतं. पाठीवर माणूस घेऊन तिथून बाहेर पडताच येणार नाही, मी टेपने मोजलंय. दादा देवळात बसतात तसे त्याला टेकून बसतात, पण काढू देत नाहीत. आज ते आईबरोबर दवाखान्यात गेले आणि भंगारवाला गल्लीत आला. मी दिला. सहाशे रुपये.

दादा आले. दारात उभे राहिले. मग म्हणाले, "पंचनाम्याचा फ्रीज विकलास?"

पंचनाम्याचा! म्हणजे पूर येणार, साहेब येणार, आणि हे त्यांना भिजलेला फ्रीज दाखवून नुकसान लिहून घेणार. चालू वस्तू वाचवायची नाही, बंद वस्तू बुडवायची. आणि एकटे दादाच नाहीत. आख्खी गल्ली तशी. पावसाळा आला की एकेकाचे मेलेले टीव्ही आणि फाटक्या गाद्या खालच्या फळीवर येतात. मी म्हटलं, "तुम्हाला पूर हवाच आहे."

त्यांनी ताट सरकवलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, ७ जुलै

बोलत नाहीत. जेवले नाहीत. माझं काही चुकलेलं नाही. दार पूर्ण उघडतं.

बुधवार, ९ जुलै

आईने सांगितलं. मी गाठ मारत होतो, ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "फ्रीजचं नाही रे ते. नावाचं आहे."

गेल्या वर्षी आपण शाळेत होतो तेव्हा, पाणी उतरायला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहणीवाले होडीतून आले. आपल्याला पोलिसांनी चौथ्या दिवशी आत सोडलं. आपल्या दाराला कुलूप. त्यांनी लिहिलं, घर बंद. चाचीने वरून ओरडून सांगितलं, राहतात हो, चार माणसं राहतात. ते म्हणाले, शेजाऱ्याचं चालत नाही. मेहबूब स्लॅबवर थांबला होता, म्हणून त्यांचं नाव आलं.

मग त्याच यादीवरून नदीकाठची घरं हलवायची ठरलं. गल्लीतल्या एक्याऐंशी घरांना उंचावर, पाणी पोचत नाही तिथे, पक्की खोली मिळणार. आपलं नाव नाही. दादा त्या यादीच्या कार्यालयात अकरा वेळा जाऊन आले. त्या पायाने, स्वारगेटला बस बदलून. आम्हाला सांगायचे, दवाखान्यात चाललोय.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?
"ते म्हणाले, पोरगं जिवापाड करतंय. त्याला कशाला सांगायचं की तुझ्या कुलपाने झालं."

गाठ चुकली. सोडून पुन्हा मारली. पुन्हा चुकली.

सोमवार, १४ जुलै

शेठना खोटं सांगून कार्यालयात गेलो. दोन तास उभा. साहेब सभ्य, आपण-आपण करत होते.
"आपण त्या दिवशी कुठे होता?"
"शाळेत. तुमच्याच भोंग्यावर सांगत होते, घरं सोडा."
"सोडा म्हणालो. बंद करा म्हणालो का?"
"उघडं टाकून जायचं?"
"रिकामं घर म्हणजे बंदच. माणूस दिसला पाहिजे."

माझ्या हातात वही होती, नाहीतर टेबलावरचा पेपरवेट असता. मी विचारलं, आता काय करायचं. म्हणाले, यंदा पाणी शिरलं तर फेरपाहणी होईल. तेव्हा घर चालू आढळलं तर नाव चढेल. दुसऱ्यांदा बंद आलं तर कायमचं बाद, मग कुठेही अर्ज करा. "आणि पाऊस नाही झाला तर उत्तमच," म्हणाले. हसले.

म्हणजे एकीकडून भोंगा लावून बाहेर काढायचं, दुसरीकडून होडीतून येऊन विचारायचं, घरी का नाही? आणि मी मूर्ख, सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो म्हणून छाती फुगवून वर्षभर फिरलो. कोणी भिजलं नाही! कसं भिजणार?

येताना बसमध्ये दादा आठवत होते. अकरा वेळा.

गुरुवार, २४ जुलै. दुपारी ४.००

तीन दिवस धरणाच्या बाजूला पाऊस थांबलेला नाही. गल्लीच्या ग्रुपवर धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे येतायत. सकाळी अठरा हजार क्युसेक, आता सत्तावीस. पंचवीसला खालचा पूल पाण्याखाली जातो. पस्तीसला आमची गल्ली. सगळ्यांना आकडे पाठ आहेत आणि सगळे आकड्याचीच वाट बघत बसलेत. चौतीस हजार आला तर जेवायला बसतील.

मी दादांना म्हटलं, उद्या सकाळी निघायचं.
"तुम्ही जा. मी थांबतो."
"पाय बघा तुमचा. पाच फूट पाणी येतं इथे. माळ्यावर चढता येतं का तुम्हाला?"
"चढेन. तू एवढा बाजार भरलायस वर, कोणीतरी खायला नको?"
मी ओरडलो. म्हटलं, नावापायी मरायचंय का? मग त्यांनीही आवाज चढवला.
"मेलो तरी घर चालू लिहितील! मागच्या वर्षी तू कुलूप लावलंस. यंदा मी दारात बसणार. बस्स."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले. आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. चाची समोरून बघत होती. ती आईला म्हणाली, "हमारे यहाँ रहो ना, स्लॅबवर." दादा म्हणाले, "समोर राहून आपलं घर चालू होत नाही, अख्तरबानू." खरं आहे.

माझ्या याद्या वर-खाली केल्या. पाणी आहे, खाणं आहे, दोरी आहे. या गोष्टीसाठी काहीच नाही.

संध्याकाळी ६.३०

मेहबूबकडे गेलो. त्याला सांगितलं काय करायचंय ते. चेष्टा करेल वाटलं होतं. त्याने नुसतं विचारलं, "दोरी किती लागेल?"

आमच्या पत्र्याच्या लोखंडी नळीपासून त्यांच्या स्लॅबच्या कठड्यापर्यंत दुहेरी दोरी ओढली. गाठी मी मारल्या, दोन्हीकडच्या. माळ्यावरचा एक पत्रा वर उचलेल असा सैल केला. मेहबूब म्हणाला, "आत्ता तरी स्लॅबवर चहा पिऊन जा." प्यायलो.

शुक्रवार, २५ जुलै. सकाळी ११.१५

एकतीस हजार. भोंगा दहाला वाजला. दादा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी आसन मागून टाकलं, आवळलं आणि उचललं. शिव्या देत होते, पाठीवर बुक्के मारत होते. गल्लीच्या टोकाला बुक्के थांबले. पुढे एवढंच म्हणाले, "दमला असशील, टेकव जरा." मी नाही टेकवलं.

तिघांना शाळेत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ बसवलं. दादांना म्हटलं, तुमच्या गोळ्या राहिल्या, घेऊन येतो. गोळ्या निकिताच्या पर्समध्ये आहेत.

दुपारी १२.५०

छत्तीस हजार. पाणी उंबऱ्याच्या आत. मी माळ्यावर आहे, कमरेला दोरी. दार सताड उघडं. बाहेरच्या भिंतीवर सहा फुटांच्या वर खडूने लिहिलं होतं, पण खडू धुऊन जाईल, म्हणून त्याच अक्षरांवरून ऑइलपेंटचा ब्रश फिरवला: घर चालू आहे. माणूस आत आहे. चार जण राहतात.