डावीकडे वळलेली स्क्रीन

कोल्हापूर,
गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रिय अनुजा,

माझ्या मानेचा एमआरआय काल संध्याकाळी आला. मणक्यात काहीही नाही. गादी सरकलेली नाही, शीर दबलेली नाही, हाड वाढलेलं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून दोनदा पाहिली आणि म्हणाले, 'बाई, तुमची मान माझ्यापेक्षा चांगली आहे.' मला आनंद व्हायला हवा होता. मला त्यांच्या टेबलावरची पेनं उधळावीशी वाटली. मान चांगली आहे तर मग ती सकाळी उठताना कुणी पिरगाळल्यासारखी का दुखते? भाजी निवडताना, केस विंचरताना, रिक्षात बसून डावीकडे बघताना कळ खांद्यातून कोपरापर्यंत का उतरते? अरिहंत म्हणाले, 'रिपोर्ट नॉर्मल आलाय, पेढे वाटू.' त्यांच्याशी मी रात्री जेवेपर्यंत बोलले नाही.

अक्षर एवढं मोठं का काढलंय, हे मी सांगायला नको. जाड काळं स्केचपेन घेतलंय आणि जुन्या हजेरीपत्रकांचे पाठकोरे कागद. एका पानावर जेमतेम दहा ओळी बसतात, त्यामुळे पाकीट लग्नाच्या अल्बमएवढं होणार. पण हे तू स्वतः वाचायचं आहेस. तुझा राजवीर उद्या घरी येताना घेऊन येईल, त्याला वाचायला देऊ नकोस. पाकीट चिकटवलेलं आहे आणि आत काय आहे ते त्याला माहीत नाही. तुझ्या आईंनाही सांगू नकोस. बायडाबाईंच्या कानावर गेलं की अख्ख्या कोडोलीच्या कानावर गेलं, हे तूच म्हणायचीस.

तू गेल्यापासून, म्हणजे जुलैपासून, मी या मानेपायी काय काय केलं ते ऐक. आपल्या ऑफिसातल्या गुंडूमामांनी पहिल्याच दिवशी निदान केलं, 'बाई, मान हाय का दाराची बिजागरी? जरा तेल सोडा की.' मग तेल सोडलं. शेक झाला, पट्टा झाला. तो पट्टा लावून मी कॉलेजच्या खिडकीवर बसले तर एका पालकानं विचारलं, 'मॅडम, अॅक्सिडेंट झालता व्हय?' अरिहंतनी तीन उशा आणल्या, एक जाड, एक पातळ, एक मधे खड्डा असलेली. तिन्ही आता पाहुण्यांसाठी आहेत. नणंदेनं तालमीतल्या एका वस्तादांचं नाव सुचवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर अंगठा ठेवला आणि मी अशी ओरडले की बाहेर व्यायाम करणारी पोरं आत बघायला आली. ऑफिसात जो तो येता-जाता मान कशी आहे विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातो. सल्ला मात्र देऊन जातो.

शेवटी राजारामपुरीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. आदिती नाव. पोरगी राजवीरपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण बोलणं थेट. तिनं गोळी दिली नाही. तिनं विचारलं, 'तुम्ही दिवसभर बसता कशा, ते करून दाखवा.' मी बसले. ती म्हणाली, पाय लोंबकळताहेत. खरंच की गं, एकोणीस वर्षं माझे पाय जमिनीला टेकलेच नाहीत. तुझी उंची बरी, तुला कधी कळलं नाही. आता पायाखाली झेरॉक्सच्या कागदाचं न फोडलेलं रिम आहे. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी आहे. स्क्रीनखाली दोन जुनी माहितीपुस्तकं ठेवलीत, म्हणजे तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते आणि हनुवटी पुढे काढावी लागत नाही. की-बोर्ड जवळ ओढलाय, कोपर अंगालगत राहतात. फोन कानाखांद्यात धरून टायपायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. आणि दर अर्ध्या तासानं उठायचं, दोन मिनिटं का होईना चालायचं, खांदे मागे फिरवायचे. त्यासाठी मोबाईलवर गजर लावलाय. तो वाजला की सगळं ऑफिस दचकतं.

आपल्याला पूर्वी गजर लागायचा नाही. तू वाचणार, मी टायपणार. बैठक नंबर, गुण, बैठक नंबर, गुण. तुझ्या आवाजाला एक चाल होती, रेडिओवरच्या बाजारभावासारखी. पन्नास नावं झाली की तू पेन आपटून म्हणायचीस, 'उठ गं त्रिशे, पन्नास झाली.' मग आपण नळापर्यंत जाऊन यायचो, पाणी प्यायचो, त्या कडुलिंबाखाली कुणाची गाडी लागलीय ते बघायचो. आदिती जे पैसे घेऊन शिकवते ते तू मला फुकट करायला लावत होतीस. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'मग त्या मॅडमना परत बोलवा.' तिला काय माहीत.

चार महिने तू फोन उचलत नाहीस. मी मोजायचं सोडून दिलंय. मला राग येतो, अनुजा. तुझा येतो, आणि त्याहून माझा येतो. त्या दिवशी अमरसिंह सरांनी त्यांच्या केबिनमध्ये दोघींना उभं करून विचारलं, 'एकोणीस वर्षांत एक चूक नाही, आणि आत्ताच कशी झाली?' तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. तू बाहेर येऊन एवढंच म्हणालीस, 'एक शब्द बोलली न्हाईस तू.' पर्स उचललीस आणि गेलीस. तुझा नॅपकिन अजून खुर्चीच्या पाठीवर आहे.

चूक काय झाली ते तुलाही माहीत आहे, पण मला ती पुन्हा सांगायची आहे, कारण मी त्या दिवशी नव्हते. हुपरीला भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, मी एक दिवसाची रजा घेतली. माझ्या जागी लायब्ररीतले पिराजी बसले. तू वाचलंस, त्यांनी टायपलं. निकाल संध्याकाळी जायचा होता म्हणून ताळ्याची दुसरी फेरी झाली नाही. तेजस्वी नावाच्या मुलीचे त्र्याऐंशी होते, तू तेहतीस वाचलेस. ती मुलगी चंदगडहून वडिलांबरोबर एसटीनं आली, दोघं नखशिखांत भिजलेली. रडली नाही. खिडकीत हात ठेवून म्हणाली, 'मॅडम, पेपर सोपा हुता ओ. मी नापास हुईन असं वाटत न्हाई.' मी प्राध्यापकांची मूळ गुणयादी काढून बघितली. तो आठ एवढा स्वच्छ होता की लांबूनही दिसला असता. दोन दिवसांत निकाल दुरुस्त झाला, पुढच्या वर्गात तिचा प्रवेशही झाला. पण तो आठ मी त्या दिवशी तीनदा काढून बघितला.

आता मानेकडे परत येते. आदितीनं सांगितलेलं सगळं मी केलं आणि कंबर तीन आठवड्यांत सुधारली. पाठ मोकळी झाली, बसून उठताना 'आई गं' म्हणणं बंद झालं. कंबर ऐकली, मान ऐकेना. तीही फक्त डावीकडची. आदिती वैतागली. म्हणाली, 'मला तुमच्या टेबलाचा फोटो आणून दाखवा.' गुंडूमामांनी स्टुलावर चढून काढला. तिनं मोबाईल हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, 'मॅडम, हे टेबल तुमचंच ना? मग ही स्क्रीन कोण बघतं?'

मी बघितलं. माझी खुर्ची सरळ, की-बोर्ड सरळ, आणि स्क्रीन चांगली वीतभर डावीकडे सरकून तुझ्या खुर्चीकडे तोंड करून बसलेली. तिच्यासमोर तुझी रिकामी खुर्ची, तिच्यावर नॅपकिन. चार महिने मी मान डावीकडे पिळून एकटी टायपत होते, आणि ते मला दिसलं नव्हतं. मी तिला सांगितलं, वायर पुरत नाही म्हणून तशी आहे. ती म्हणाली, लांब वायर कुठंही मिळते. दुसऱ्या दिवशी गुंडूमामा लांब वायर घेऊन हजर. त्यांनी स्क्रीनला हात लावला आणि मी एवढ्या जोरात 'राहू दे ते!' म्हणून ओरडले की त्यांच्या हातातून पक्कड पडली. म्हातारा माणूस, वाईट वाटलं मला. ते शांतपणे म्हणाले, 'बरं, न्हाय लावत हात. पण बाई, ती खुर्ची काय स्क्रीन बघायची न्हाय.'

वायर पुरत होती, अनुजा. आधीपासूनच पुरत होती.

ती स्क्रीन तुझ्याकडे मी वळवली होती, आणि तीही एकदम नाही. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळी परीक्षेला तू एकदा सदुसष्टचे एकसष्ट वाचलेस. मी सहज कागदात डोकावले, सदुसष्ट टायपलं आणि पुढे गेले. दमली असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोनदा झालं. मग रोज व्हायला लागलं. तू कागद नाकाशी न्यायला लागलीस आणि म्हणालीस, 'हल्लीच्या प्राध्यापकांची अक्षरं बिघडलीत.' मी म्हटलं, हो ना, बिघडलीत. दुसऱ्या फेरीत तू स्क्रीनवरून वाचायचीस, म्हणून मी ती थोडी तुझ्याकडे सरकवली, अक्षर मोठं केलं. नंतर आणखी सरकवली. तू म्हणालीस, 'आता कसं झ्याक दिसतंय.' त्यानंतर मी रोज डावीकडे झुकून तुझ्या हातातला कागद वाचायची, तू काहीही वाचलंस तरी कागदावरचं टायपायची. तुला कळू नये म्हणून खांदे समोर ठेवायची, फक्त मान वळवायची. दिवसाला पाच, कधी दहा, शेवटी शेवटी पंधरा-वीस. मला वाटायचं मी तुला सांभाळतेय. सांगितलं तर तुला टेबलावरून उठवतील, खिडकीवर बसवतील, राजवीरचं शिक्षण अजून व्हायचंय, असं सगळं मनात यायचं. खरं सांगायचं तर मला तुझ्याशिवाय त्या टेबलावर बसायचं नव्हतं. केबिनमध्ये मी बोलले नाही ते याचमुळे. 'ही पहिलीच चूक आहे' म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, आणि खरं बोलायला तोंड उघडत नव्हतं.

परवा राजवीर तुझा रजेचा अर्ज द्यायला ऑफिसात आला. त्यानं सांगितलं ते ऐकल्यावर मी हे लिहायला बसले. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय की साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आहे आणि ती आजकालची नाही, किमान दीड-दोन वर्षांची आहे. इंजेक्शनं आत्ता सुरू केली तर उरलेली नजर राखता येईल. आणखी थांबलो तर ते काही सांगू शकत नाहीत. आणि तू त्यांना काय म्हणालीस? 'जुलैपर्यंत मला सगळं दिसत होतं. एकोणीस वर्षांत एक चूक. हे टेन्शननं झालंय, आपोआप जाईल.' राजवीर म्हणाला, आई ऐकतच नाही, आजी डोळ्यांत मध घालतेय. तुझं काही खोटं नव्हतं गं. तुला खरंच वाटतंय की दिसत होतं, कारण दोन वर्षं तुझी एकही चूक मी तुझ्यापर्यंत पोचू दिली नाही. म्हणून हे दुसरं कुणी सांगून उपयोगाचं नाही, मीच सांगायला हवं. तुला दोन वर्षं दिसत नव्हतं, अनुजा. मी हाडांच्या डॉक्टरांना मान चार महिने दुखतेय असं सांगितलं, तेही खोटं होतं. सोबत आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी पिनेनं जोडलीय, मानेच्या गोळ्यांची. तिच्यावरची तारीख मी स्केचपेननं गोल केलीय, ती बघ. तेव्हापासून दुखतेय. अमरसिंह सरांनाही आज सकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'डॉक्टरांचा कागद आणायला सांगा. जागा कुठं पळून जात नाही. दुसरं काम बघू.' शनिवारी गुंडूमामा स्क्रीन सरळ करणार आहेत, या वेळी मीच त्यांना बोलावलंय. रविवारी साडेनऊच्या गाडीनं मी कोडोलीला येते. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी बायडाबाईंच्या शिव्या खात ओट्यावर बसेन. पण सोमवारी साडेदहाला डोळ्याच्या डॉक्टरांकडे तुझा तिसरा नंबर आहे, राजवीरनं लावलाय, आणि तुला नेल्याशिवाय मी परतीच्या गाडीत बसणार नाही.

तुझीच, अजून डावीकडे बघणारी,
त्रिशला