सीझनपुरत्या बंद केलेल्या गोळ्या

दादा,

माझं अक्षर बघून आधी हसशील. हस. पण आज मला कोणाशी तरी बोलायलाच हवं, आणि हे समजेल असं तुझ्याशिवाय कोणी नाय.

सकाळी प्राचीने विचारलं, "आई, परीक्षेपुरत्या गोळ्या बंद करू? डोकं जड होतं, वाचलेलं राहतच नाय." तुझी भाची रे! तू गेलास तेव्हा दुसरीत होती, आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी तिलाही तेच निघालं, बायपोलर. मी भाकरी थापत होते. म्हटलं, संध्याकाळी सांगते.

काय सांगू? तुलाही मी एकदा सांगितलं होतंच ना!

पेणच्या त्या कारखान्यात गणपतींची आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, तुझ्याकडे होतं. श्रावणात तू झोपायचाच नाहीस. बोलणं तर असं, की समोरच्याला 'हं' म्हणायलाही फट मिळू नये. शेठ कौतुकाने म्हणायचे, "माणूस नाय, मशीन हाय." मग गणपती घरोघरी बसले, की तू भिंतीकडे तोंड करून पडायचास. आंघोळ नाही, दाढी नाही, उशाशी चहा गार. वहिनी म्हणायची, सीझनचा शीण. मीही तेच म्हणायचे. सगळा कारखानाच श्रावणात जागायचा आणि नंतर आडवा व्हायचा, त्यात तुझं वेगळं काय दिसणार?

मग एका चैत्रात, कारखान्यात अजून काही घाई नसताना, तू पहिल्या एसटीने रोह्याला आलास आणि नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे आमच्या अष्टमी गावातल्या दारात उभा राहिलास. "शोभे, चल गो! स्वतःचा कारखाना काढतोय, मूर्ती दुबईला पाठवायच्या!" दुपारपर्यंत शेजाऱ्यांच्या स्कूटरवर आणि आमच्या पाण्याच्या पिंपावर तू डोळे काढून ठेवलेस. मी आधी हसले, मग घाबरले. वहिनीला बोलावून तुला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी आणि वहिनी मागचे श्रावण मोजायला लागलो. खरंच, कधीपासून?

गोळ्यांनी तू झोपायला लागलास. वेळेवर जेवायचास, वहिनीबरोबर बाजारात जायचास. मला वाटलं, सुटलो एकदाचे! पण हात कापायला लागला. माझ्यासमोर कागदावर तू एक बुबुळ काढलंस, ते वेडंवाकडं आलं, आणि तू लहान पोरासारखा रडलास. "शोभे, देवाला तिरळा करू काय गो?"

आणि मी अतिशहाणी म्हणाले, "एवढा सीझन गोळ्यांशिवाय काढ. मग घे परत."

त्या वर्षीचे डोळे! लोक अजून नाव काढतात. ते तुझे होते की त्या आजाराचे? मला कळत नाय रे. आणि मलाही ते आवडले होते, हे तुझ्यापासून काय लपवू?

नंतर तू पडलास तो गोळी घ्यायलाही उठला नाहीस. मार्गशीर्षात गेलास. डॉक्टर म्हणाले, हृदय. वहिनी म्हणते, नशीब. मला वाटतं, माझा शब्द. कोणाचं खरं? तूही कसला! एरवी माझं एक तरी ऐकलंस का? मग तेवढंच बरं ऐकलंस!

गेल्या महिन्यात प्राचीच्या डॉक्टरांना मी सहज विचारलं, या गोळ्यांनी कोणाचा हात कापतो का हो? ते म्हणाले, "काहींचा कापतो. मग आम्हाला सांगायचं. डोस बघतो, गोळी बदलतो."

एवढंच! दादा, आपल्याला सांगायचं सुचलंच नाय. वाटलं, औषध म्हणजे सोसायचंच. मी दवाखान्याच्या पायरीवर बसूनच राहिले. प्राची विचारत होती काय झालं, मी म्हटलं चक्कर.

आता संध्याकाळ झालीय, ती आत वाचतेय. बंद कर असं मी म्हणणार नाय. मुकाट्याने घे असंही नाय, तिचं डोकं जड होतं ते काही खोटं नसणार. उद्या तिच्याबरोबर जाईन, आणि तिलाच सगळं डॉक्टरांना सांगायला लावीन.

पण त्याआधी आज, हे पत्र मिटलं की, मी तिच्यासमोर बसेन आणि मामाला मी काय म्हणाले होते ते सांगेन. आजवर सांगितलेलं नाय. तिला माझा राग आला तर येऊ दे. हा शब्द मात्र मी तुला पाळून दाखवीन.

तुझी,
शोभी